आईचं वय

विकास नगर, लखनौ
१४ जानेवारी १९९६

सौ. वसुधाताईस,
चारुलताचा नमस्कार. दाजींनाही सांग. सानिकाचा दहावीचा अभ्यास कसा चाललाय?

तिळगूळ पाठवायला यंदा उशीर झाला, रागावू नकोस. इथे संक्रांतीला 'खिचडी'च म्हणतात. सकाळी वरच्या मजल्यावरच्या मिसेस सक्सेना उडदाची खिचडी आणि तिळाचे लाडू घेऊन आल्या. आठ दिवस सूर्य दिसलेला नाही. चंद्रहास हजरतगंजच्या शाखेत जायला स्कूटर काढतात आणि फाटकाबाहेर दोन हात गेले की दिसेनासे होतात. हॉर्न तेवढा ऐकू येतो. तो ऐकून मी दार लावते.

वेदिका दुसरीत आहे. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. राघव सव्वा वर्षाचा झाला, भिंतीला धरून चालतो आणि दिसेल ते तोंडात घालतो. त्याच्या मागे धावून मला धाप लागते.

एक गंमत सांगते. डिसेंबरात यांच्या बँकेतल्या एकांच्या बहिणीचं लग्न होतं. मी ती जांभळी नारायणपेठ नेसले होते, तुझ्या लग्नातली. ब्लाउजच्या दोन्ही शिवणी उसवल्या तरी हुक लागेनात, तेव्हा वरून शाल घेतली. पंगतीत एका बाईंनी माझ्या पोटावर हात ठेवून मायेनं विचारलं, "कौन सा महीना है?" राघव माझ्या कडेवर होता. मी म्हटलं, पाचवा. काय सांगायचं होतं दुसरं? मग त्यांनी मला आग्रह करकरून दोन वेळा गाजर हलवा वाढला, आणि मी तो खाल्ला.

परतताना चारबाग स्टेशनवरून आलो, तिथल्या वजनाच्या यंत्रावर वेदिकाने हट्टानं मला उभं केलं. त्र्याऐंशी किलो. तिकिटाच्या पाठीवर भविष्य होतं, 'आपको शीघ्र ही शुभ समाचार मिलेगा'. हे खूप हसले. मीही हसले. लग्नात मी छप्पन किलोची होते, ताई.

तेव्हा आता ठरवलंय. साखर बंद, तूप बंद, भात एक वेळ. पुढच्या उन्हाळ्यात तू मला ओळखणार नाहीस.

अजून एक विचारायचं होतं, सहज. आईला साखर आहे असं पहिल्यांदा कळलं तेव्हा तिचं वय नक्की किती होतं? आणि पायाला लागलं ते कधी? मी तेव्हा कॉलेजात, माझ्या लक्षात वर्षांचा हिशेब राहिलेला नाही. तुला सगळं आठवत असणार, तूच सगळं केलंस. कुणाला सांगायचं नाही, नुसतं आपलं मनात आलं म्हणून.

माझी तब्येत उत्तम आहे. थंडीमुळे दिवसभर पायमोजे घालून असते, तेवढंच.

सौ. चारुलता


विकास नगर, लखनौ
८ मार्च १९९६

ताई,
तुझं आंतरदेशीय फेब्रुवारीतच आलं. त्यात चारच ओळी होत्या. "साखर कळली तेव्हा आई सदतीस. पायाला चपलेचा अंगठा लागला तेव्हा एक्केचाळीस. गेली तेव्हा बेचाळीस पूर्ण. का विचारतेस?"

तू पूर्वीपासून अशीच. आजारी माणसाचा ताप विचारावा तशी विचारतेस. त्याचंच उत्तर लिहायला बसते आणि दुसरं काहीतरी लिहून जाते, म्हणून तीन कागद फाडले. हा चौथा.

आधी माझ्या पथ्याचं ऐक. पहिले चार दिवस मी दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. पाचव्या दिवशी दुपारी कणकेचा शिरा केला, मुलांसाठी म्हणून, आणि कढईतला खरवडून खाल्ला. मग आठवडाभर नुसती फळं. मग मिसेस सक्सेनांनी कुठूनसं मेथीचं पाणी सांगितलं, ते. ज्वारीची भाकरी सुरू करावी तर इथे ज्वारी म्हैशींना घालतात, दुकानदार विचारतो, "भैंस पाली है क्या, बहनजी?" दीड महिन्यात वजन एक किलोने वाढलं.

खरं सांगू का? मी जेवायला बसतच नाही. ताट वाढून घेऊन बसले असं शेवटचं कधी झालं ते आठवत नाही. सकाळपासून ओट्याशी उभ्यानं खाते. राघवच्या वाटीतला उरलेला वरणभात. वेदिकाच्या डब्यातून परत आलेला पराठा, ते टाकवत नाही. दुधावरची साय. रात्री यांच्यासमोर मी काकडी घेऊन बसते आणि हे म्हणतात, इतकं कमी खाऊन तुझं वजन कसं वाढतं, कमाल आहे. मी म्हणते, बाळंतपणाचं आहे, हळूहळू उतरेल. बाळंतपणाला आता दीड वर्ष होईल.

परवा होळी झाली. इथे होळीला गुझिया करतात, आपल्या करंज्यांसारख्या, आत खवा. तीन घरांतून तीन डबे आले. मी ते सामानाच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवले, हाती लागू नयेत म्हणून. दुपारी राघव झोपला तशी स्टूल घेतलं. आतून कडी लावली. किती खाल्ल्या ते मोजलं नाही. खाताना चव कळत नव्हती, नुसतं कुणी येईल का याकडे कान होता. मग पदरानं तोंड पुसून बाहेर आले तर वेदिका दारात उभी. शाळेला सुट्टी होती हेच विसरले होते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, झाडत होते.

आता ते लिहिते.

राघवच्या वेळी सातव्या महिन्यात लघवीत साखर निघाली. मग रक्त तपासलं, त्यातही. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पुष्कळ जणींची बाळंतपणानंतर जाते, पण तुमच्या आईला होती, तेव्हा सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचंच. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी माझ्या ट्रंकेत कागदाखाली आहे. मी गेले नाही. यांना सांगितलं की जाऊन आले, सगळं नॉर्मल आलं. यांनी विश्वास ठेवला, पेढे आणले.

का गेले नाही ते मला सांगता येत नाही. दोनदा रिक्षात बसले होते. एकदा चौकापर्यंत गेले आणि चिकनकारीचं कापड घेऊन परत आले. कागदावर येत नाही तोवर ते नाहीच, असं काहीसं मी धरून बसले आहे. पण ताई, मला तहान लागते. तांब्या उशाशी घेऊन झोपते आणि सकाळी तो रिकामा असतो. मी चौतीस वर्षांची आहे. आईला सदतिसाव्या वर्षी कळलं. म्हणजे मी तिच्याही पुढे आहे. मी आईसारखी बेचाळीसची होईन तेव्हा राघव तिसरीत असेल.

यांना काही लिहू नकोस. शप्पथ आहे.

चारू

ता. क. उजव्या पायाच्या करंगळीला कार्तिकात खुर्चीचा पाय लागला होता. अजून ओलं आहे. दुखत नाही. दुखत नाही याचीच मला भीती वाटते.


विकास नगर, लखनौ
२२ एप्रिल १९९६

ताई,
तुझी दोन पत्रं आली, तारही आली. "आजच्या आज तपासून घे." मी एकालाही उत्तर दिलं नाही. तार आली तेव्हा हे घरात होते. सानिकाच्या परीक्षेबद्दल आहे असं सांगून मी ती चुलीत नाही, पण गॅसवर जाळली. मला खोटं बोलण्याची इतकी सवय झाली आहे की खरं बोलायला आधी आठवावं लागतं.

आता जे घडलं ते क्रमानं सांगते.

एप्रिलात इथे ऊन असं पेटतं की दहा वाजता रस्ते ओस पडतात. मी तरी पायमोजे घालून होते. मिसेस सक्सेना एकदा म्हणाल्या, "भाभीजी, इस गर्मी में मोज़े?" मी म्हटलं टाचांना भेगा आहेत. त्यांनी संध्याकाळी मोहरीचं तेल आणि मेण गरम करून आणलं, स्वतः लावून देते म्हणाल्या. मी दार लोटून घेतलं, जवळजवळ त्यांच्या तोंडावर. इतकी भली बाई. त्या दिवसापासून आल्या नाहीत.

मग गेल्या बुधवारी वेदिका तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. परत आली ती सरळ माझ्याकडे. फ्रॉकच्या खिशावर हात घट्ट धरलेला. हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, बाथरूम में चलो." मला वाटलं, कपडे खराब झाले असतील. आत गेल्यावर तिने दार लावलं, कडी घातली, आणि खिशातून रुमाल काढला. त्यात बर्फीचे दोन तुकडे होते, घामाने आणि मुठीने मऊ झालेले.

"मैंने अपनी नहीं खाई," ती म्हणाली. "आपके लिए लाई हूँ. जल्दी खा लो, पापा को नहीं बताऊँगी."

मी म्हटलं, असं का करतेस बाळा?

"आप उस दिन स्टोर में गुझिया खा रही थीं ना. रो भी रही थीं. मैंने किसी को नहीं बताया."

मी रडत होते हे मला माहीत नव्हतं, ताई.

तू विचारशील, मग मी काय केलं. मी ती बर्फी खाल्ली. दोन्ही तुकडे. माझी लेक समोर उभी राहून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला नाही म्हणता आलं नाही. मग तिने त्याच रुमालानं माझं तोंड पुसलं, कडी काढली, आधी स्वतः बाहेर डोकावून पाहिलं आणि मला खुणेनं बोलावलं.

सात वर्षांची पोर. तिला हे कुणी शिकवलं? मी शिकवलं नाही. पण मला ते सगळं पाठ आहे. आधी डोकावायचं, मग खूण करायची, मग रुमाल धुऊन टाकायचा.

ताई, आईला पेढे मी देत होते.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली, राघवला न्हाऊ घातलं आणि परत बसले. ते अजून कागदावर आहे, म्हणून पुढचंही लिहिते.

आईच्या पायाला जखम झाल्यावर तू तिचं पथ्य हातात घेतलंस. तू तेव्हा पंचवीस वर्षांची होतीस, दोन वर्षांच्या सानिकाला घेऊन माहेरी येऊन राहिली होतीस, शाळेत शिकवत होतीस, घरी येऊन स्वयंपाक करत होतीस. बाबा नोकरीपायी बाहेरगावी, शनिवारी यायचे आणि सोमवारी जायचे. गूळ-साखरेचं कपाट कुलपात आणि किल्ली तुझ्या कमरेला. आई माझ्याकडे बघायची. तोंडानं कधी मागितलं नाही तिने, तुला वाटेल तसं नव्हतं ते. मी कॉलेजातून यायचे, ती विचारायची आज काय शिकवलं, आणि मधेच बोलणं सोडून खिडकीबाहेर बघत बसायची. मला ते बघवेना. एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पेढे आणले, वहीच्या कागदात. ती खाताना लहान मुलीसारखी दिसली. मग रोजचं झालं. जवळजवळ तीन महिने, ताई. तू शाळेतून यायच्या आत.

तुला उशीखाली चुरा सापडला तो दिवस मला आठवतो. तू आईला म्हणालीस, "तुला जगायचं नाही का? आम्हाला अजून किती छळणार आहेस? या वयात चोरून खातेस, लाज नाही वाटत?" आई भिंतीकडे तोंड करून पडली. ती म्हणाली, "चुकलं बाई." मी दारात दुधाचा पेला घेऊन उभी होते. मला एवढंच म्हणायचं होतं की तिने चोरलं नाही, मी आणलं. तेवढं म्हटलं नाही. दूध थंड होईल म्हणून आत गेले आणि पेला ठेवून आले.

त्यानंतर महिन्याभरात पाय काढला. दिवाळीच्या आत ती गेली.

आपण दोघी चौदा वर्षं नमस्कार-चमत्काराची पत्रं लिहितो. तुला वाटत असेल, चारू लांब गेली, मोठ्या शहरात गेली. तसं नाही. तू शेवटपर्यंत आईला चोर समजून वागवलंस आणि ते ओझं तुझ्या डोक्यावर आहे, हे मला तुझ्याकडे बघितलं की दिसायचं. म्हणून मी बघतच नसे.

बर्फीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना वेदिकाने रिक्षातून वाकून विचारलं, "कल फिर लाऊँ? प्रिया के टिफिन में लड्डू आता है." रिक्षा निघून गेली आणि मी फाटकाला धरून उभी राहिले. मला माझ्या मरणाची जी भीती वाटत होती ती त्या क्षणी लहान झाली. मी मेले तर ही पोर वीस-तीस वर्षांनी कुठल्या तरी गावी बसून असं पत्र लिहील. कुणाला लिहील? राघवला?

मी पायमोजे काढले. जिना चढून वर गेले आणि मिसेस सक्सेनांना पाय दाखवला. त्यांनी वाकून पाय पाहिला. राघवला त्यांच्या सासूबाईंकडे दिलं आणि मला रिक्षात घातलं.

तपासणीचे आकडे उद्या येतील. हे आज संध्याकाळी बँकेतून आले की यांना सांगणार आहे. तुला आधी सांगायचं होतं. तू काहीही लिही. लिहिलं नाहीस तरी मला समजेल.

चारू


विकास नगर, लखनौ
१८ जून १९९६

प्रिय ताई,
तुझं पत्र यायला साडेपाच आठवडे लागले. पोस्टमनची सायकल वाजली की मी जिन्यातच उभी असायचे. त्या पत्राकडे येतेच, पण आधी इथलं सांगते, कारण तू तेच पहिल्यांदा विचारलं आहेस.

उपाशीपोटी एकशे शहाऐंशी. जेवणानंतर दोनशे नव्वद. सेक्टर चारमधले वृद्ध डॉक्टर आहेत, पांढरा कुर्ता घालतात, मिसेस सक्सेनांच्या ओळखीचे. त्यांनी कागद वाचला, पायही वाचावा तसा जवळ घेऊन पाहिला, मग आईबद्दल विचारलं, "वालिदा को थी?" मी हो म्हटलं. "कितनी उम्र पाई उन्होंने?" बेचाळीस. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तो बेटा, हम बयालीस के आगे का इंतज़ाम करते हैं."

मी तिथेच रडले. एवढ्या महिन्यांत कुणी 'आगे' म्हटलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही.

जखम हाडापर्यंत गेलेली नव्हती. अजून महिना काढला असतात तर सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. रोज ड्रेसिंग, दिवसातून दोनदा गोळी. पाच आठवड्यांनी कातडी आली. गुलाबी आहे, राघवच्या टाचेसारखी.

हे ऐकून यांनी एवढंच विचारलं, "नॉर्मल आलं म्हणाली होतीस." मी हो म्हटलं. "मी पेढे आणले होते." मी पुन्हा हो म्हटलं. त्यानंतर तीन दिवस कामापुरतं बोलले. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. चौथ्या दिवशी पहाटे बूट घालून दारात उभे. म्हणाले चल. तेव्हापासून रोज पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतो, ऊन चढायच्या आत. अजून मनात राग आहे त्यांच्या, चालताना कळतो, पुढे पुढे चालतात. मग वळणावर थांबतात.

आता मी ताट वाढून घेऊन बसते. एवढंच सगळ्यात कठीण होतं, तुला खोटं वाटेल. पहिल्या दिवशी माझं ताट समोर बघून मला लाज वाटली, कुणीतरी म्हणेल ही एवढं खाते. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर डाळ, काकडी. राघवचं उरलेलं आता गाईला. दुपारी चार वाजता अजूनही हात फळीकडे जातो. दोनदा गेला आणि खाल्लंही. पण दार उघडं ठेवून खाल्लं आणि संध्याकाळी यांना सांगितलं. वजन सत्याहत्तर. उपाशीपोटी एकशे अठ्ठावीस. साडी नीट दिसावी, लोकांनी हसू नये, म्हणून मी दीड वर्षात जे केलं नाही ते आता होतंय, आणि का होतंय हे मी बोलून दाखवत नाही, मोडेल अशी भीती वाटते.

वेदिकाला सगळं सांगितलं. आजी कशी होती, मी तिला काय आणून द्यायचे, आणि त्याने काय झालं. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, "तो आप भी मर जाओगी?"

मी म्हटलं, "एवढ्यात नाही. मी औषध घेते, चालते, आणि तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

"और मैंने जो बर्फी दी थी?"

"ती मी खाल्ली. चूक माझी होती, तुझी नाही. कध्धीच नाही."

हे तिला म्हणत होते, ताई, पण माझा आवाज मला ऐकू आला आणि मी मधेच थांबले. मला हे कुणी सांगितलं असतं तर, असं वाटलं. आणि चारच दिवसांनी तुझं पत्र आलं.

मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलंय. तू लिहिलंस, "पेढ्यांचं मला माहीत होतं. पाय काढायच्या आदल्या दिवशी आईने सांगितलं. म्हणाली, चारू आणायची, माझंच चुकलं, मी तिला अडवलं नाही. तिला एका शब्दाने बोलू नकोस, लहान आहे, आयुष्यभर मनाला लावून घेईल. मी आईला शब्द दिला. शब्द पाळायचा तर तुझ्याशी बोलायचंच कमी करणं मला सोपं गेलं. तेवढं मी चुकले."

म्हणजे चौदा वर्षं तू मला माझ्यापासून वाचवत होतीस आणि मी तुला तुझ्यापासून. दोघींनी आईच्या नावानं. मला तुझा राग आला, खरंच सांगते. ताट टाकून उठावं इतका. मग वाटलं, मी तरी काय केलं?

पण पत्र तिथे संपत नव्हतं. पान उलटल्यावर खाली, कडेला, बारीक अक्षरात, जशी तू वहीत लाल शाईचा शेरा देतेस तसं, "मलाही आहे. तीन वर्षं झाली. ह्यांना माहीत आहे, सानिकाला नाही. तुला कळवलं नव्हतं."

ताई, तू एकोणचाळीस वर्षांची आहेस.

तू मला तार केलीस, आजच्या आज तपासून घे, तेव्हा तुझ्या स्वतःच्या अंगात ते तीन वर्षं होतं. तू गोळ्या घेतेस का ते लिहिलेलं नाहीस. शाळा, घर, सानिकाची परीक्षा यातून जेवतेस कधी ते लिहिलेलं नाहीस. आकडे लिहिलेले नाहीत. तुला मी ओळखते. तू आजारी माणसाचं सगळं करतेस, आणि आजारी माणूस तू असलीस तर त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीस. आईच्या वेळी एकदा तुला तीन दिवस ताप होता, आणि आम्हाला तो चौथ्या दिवशी कळला.

मला वाटलं होतं हे सगळं लिहून टाकलं की भीती जाईल. गेली नाही. आधी एकटी माझ्यासाठी होती, आता अर्धी तुझ्याकडे आली आहे. पहाटे चालताना मी तुझी वर्षं मोजते. मग स्वतःला मोजणं थांबवायला सांगते आणि पुढच्या खांबापर्यंत भराभर चालते.

आम्ही येतोय. शनिवारी पुष्पक एक्सप्रेसने मुंबईमार्गे निघतो, सोमवारी सांगलीत. हे आठ दिवसांनी परत येतील, मी आणि मुलं जुलैत शाळा उघडेपर्यंत राहू. मंगळवारी सकाळी उपाशीपोटी तू माझ्याबरोबर रक्त द्यायला येणार आहेस. दाजींना वेगळं पत्र टाकलं आहे, तेव्हा बहाणा चालणार नाही. सानिकाला तू सांग, आम्ही यायच्या आत. सोळा वर्षांची मुलगी आहे, तिला घरातलं सगळं दिसत असतं, फक्त तिने काय समजून घेतलंय ते आपल्याला दिसत नाही.

आल्यावर मी बहुधा काही बोलू शकणार नाही. तूही बोलू नकोस. दोन ताटं वाढ, आपण समोरासमोर बसून जेवू.

तोवर उपाशी राहू नकोस. मला तू हवी आहेस.

तुझी,
चारू